मातीतले प्लुटोनियम: मीठ की वाळू?
मीठ पाण्यात विरघळून झिरपते, वाळू नुसती वाहून जाते. अमेरिकेतील रॉकी फ्लॅट्स कारखान्याजवळची माती गळक्या पिंपांमुळे प्लुटोनियमने दूषित झाली. ते कसे पसरणार, हे त्याच्या रासायनिक रूपावर अवलंबून होते. सिंक्रोट्रॉनमध्ये वळणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांपासून प्रखर क्ष-किरण मिळतात. त्यांची ऊर्जा वाढवत नेली, की सुमारे १८ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टला प्लुटोनियम ते एकदम जास्त शोषते; नेमकी ऊर्जा रूपानुसार किंचित सरकते. नमुन्यात प्लुटोनियम अत्यल्प असल्याने आरपार गेलेल्या किरणांत हा फरक दिसत नाही. म्हणून त्या अणूंनी बाहेर टाकलेले, प्लुटोनियमची खूण असलेले क्ष-किरण बाजूने मोजतात. रूप निघाले अविद्राव्य डायऑक्साइडचे, म्हणजे वाळूसारखे! २००५ साली संपलेल्या सफाईत म्हणूनच मातीची धूप रोखण्याला महत्त्व आले.