लाइट गेली, मग लगेच का येत नाही?

३० जुलै २०१२. रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं. दिवसभर खपून ते उभं केलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता ते पुन्हा बसलं. या वेळी पूर्व आणि ईशान्येलाही घेऊन. सुमारे ६० कोटी लोक ज्या भागात राहतात तिथली वीज गेली, दिल्लीची मेट्रो थांबली. आपल्याकडे, पश्चिम ग्रिडमध्ये, पंखे फिरत होते.

गैरसमज : वीजकेंद्र तयारच असतं, बटण दाबलं की झालं.
वस्तुस्थिती : बंद पडलेल्या औष्णिक केंद्राला उठायलाही वीज लागते. कोळसा दळणाऱ्या गिरण्या, बॉयलरचे पंप, भट्टीत हवा ढकलणारे अजस्र पंखे, सगळं विजेवरच. ही पहिली वीज बहुधा जलविद्युत केंद्र देतं. तिथे लहानसं डिझेल जनित्र पुरतं : दार उघडलं, पाणी सुटलं, टर्बाइन फिरलं. याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. नाहीतर शेजारच्या ग्रिडकडून उसनवारी. २०१२ला पश्चिम ग्रिडनेही ती दिली.

गैरसमज : एक केंद्र सुरू झालं की सगळ्यांना वीज द्यायला काय हरकत?
वस्तुस्थिती : हरकत मोठी आहे. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास राहायला हवी. एकदम भार टाकला की ती घसरते आणि नुकतं उठलेलं केंद्र पुन्हा ट्रिप होतं. म्हणून एक फीडर जोडायचा, काटा स्थिरावू द्यायचा, मग दुसरा. उलट, लांबलचक ४०० किलोव्होल्टची वाहिनी भाराविना चालू केली तर दूरच्या टोकाला व्होल्टेज चढतं. रेल्वे, रुग्णालयं आधी, आपली गल्ली नंतर, हे अशा टप्प्याटप्प्याच्या जोडणीमुळेच. यात पक्षपात शोधू नये.

गैरसमज : २०१२ला राज्यांनी जास्त वीज ओढली, एवढंच कारण.
वस्तुस्थिती : ओढली, हे खरं. पण काही वाहिन्या आधीच बंद होत्या, आणि बीना–ग्वाल्हेर वाहिनीवर बिघाड नसतानाच संरक्षक रिलेने जड भाराला बिघाड समजून ती तोडली.

गैरसमज : माझ्या छतावर सोलर आहे, मला काय!
वस्तुस्थिती : बॅटरी नसलेला साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिडबरोबरच बंद होतो. खांबावरच्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून.

पुढच्या वेळी लाइट गेली की एसी, गिझर, पाण्याचा पंप बंद करा, म्हणजे वीज परतताना एकदम भार पडणार नाही. वीज आल्याचं कळायला एक दिवा पुरतो.