शेपटीवाली भाकरी

आमच्या केडगावापासून समुद्र खूप लांब. आम्हांला पाणी ठाऊक ते विहिरीचं, कालव्याचं आणि भीमा नदीचं. म्हणून २०१८ च्या जानेवारीत चौथीची सहल मुंबईला निघाली, तेव्हा एस.टी. चौफुल्याला पोचायच्या आतच प्रश्न आला, "बाई, समुद्रात माणसं खाणारे मासे असतात ना?"

मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं. दुरुस्तीनंतर २०१५ मध्ये ते पुन्हा उघडलं होतं. (पुढे २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत ते बंद झालं.) आत पारदर्शक बोगदा होता, डोक्यावरून मासे पोहत होते. पण मुलांची खरी गर्दी झाली ती निळ्या ठिपक्यांच्या पाकटापुढे.

"बाई, ही तर शेपटीवाली भाकरी!" एक जण ओरडला.

उपमा अगदी फक्कड! पाकट भाकरीसारखाच चपटा. तोंड पोटाच्या बाजूला, डोळे पाठीवर. अंगावर वाळू घेऊन तो तळाशी पडून राहतो. तोंड वाळूत असलं तरी बिघडत नाही, कारण डोळ्यांमागच्या भोकांतून तो पाणी आत ओढून श्वास घेतो. शेपटीवर मात्र करवतीसारखा दातेरी काटा असतो आणि काट्यावरच्या कातडीत विष!

मग मी मुलांना २०१३ ची गोष्ट सांगितली. तिथून जवळच असलेल्या गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन चालू होतं. पाण्यात उतरलेल्या साठांहून अधिक लोकांना पाकटांनी काटे मारले. वेदनांनी माणसं कळवळली.

"म्हणजे पाकट वाईटच की!"

"तुझे बाबा रात्री उसाला पाणी द्यायला जातात, तेव्हा काय करतात?"

"बॅटरी घेतात. काठी आपटत जातात."

"का बरं?"

"घोणशीवर पाय पडू नये म्हणून." एवढं बोलून तो गप्प झाला. त्याच्या चुलत्यांना घोणस चावली होती, ते मी विसरलेच होते.

पाकटाचंही तसंच आहे. तो माणसाच्या मागे लागत नाही. अंगावर पाय पडला की शेपूट उसळते. क्वचित जीवही जातो. प्राण्यांच्या कार्यक्रमांमुळे जगभर गाजलेले ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह आयर्विन २००६ मध्ये छातीत काटा घुसून गेले. पण बहुतेकदा जखम पायाला होते. तेव्हा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा. पोळेल इतकं पाणी नको. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो. रुतलेला काटा स्वतः उपटायचा नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

चौपाटीवर गेलो, तर एक मुलगी पाण्याजवळ यायलाच तयार नाही! मग मी चपला काढल्या आणि पाऊल न उचलता, वाळूत पाय घासत घासत पुढे गेले. वाळू हलली की पाकट आपणहून दूर सरकतो. समुद्रावरची ही काठी! हळूहळू सगळी रांग आगगाडीसारखी माझ्यामागे आली. घोट्याएवढ्या पाण्यात ती मुलगीही आली. माझा हात मात्र तिने शेवटपर्यंत सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात एक आजी शाळेत आल्या. "बाई, काय शिकवलंत हो पोराला? घरभर पाय घासत चालतंय. नवी चप्पल झिजवली की!"