पावस ते आडिवरे : सागरी मार्गावरील दुर्लक्षित सडा

रत्नागिरीहून दक्षिणेकडे जाणारा सागरी मार्ग पावस, पूर्णगड, कशेळी असा आडिवऱ्यास पोहोचतो. पावस येथील स्वामी स्वरूपानंदांची समाधी, मुचकुंदी नदीच्या मुखावरील किल्ला, कशेळीचे कनकादित्य मंदिर व आडिवऱ्याची महाकाली ही प्रवाशांची नेहमीची स्थळे होत. त्यांमधील जांभ्या दगडाचा सडा मात्र ओसाड समजून ओलांडला जातो. वस्तुतः या मार्गाचे वैभव तेथेच आहे. कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला असून त्याच्या अंतर्भागात इतर प्राण्यांच्या अनेक आकृत्या आहेत. पावसाळ्यात अशाच कातळावरील उथळ मातीत दिपकाडी व सीतेची आसवे फुलतात.

कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत २०२२ साली झाला. तथापि सडे बहुतांशी खासगी मालकीचे आहेत, आणि चिरेखाणीसाठी ते वरून थराथराने कापले जातात. शिल्पांची कोरीव रेषा वरच्याच थरात असल्यामुळे पहिल्या कापणीतच ती नाहीशी होते. संरक्षणाचा प्रश्न त्यामुळे पुरातत्त्वाइतकाच जमीनधारकाच्या उत्पन्नाचाही आहे. त्याला चिऱ्याचा मोबदला मिळतो, शिल्प राखल्याचा सहसा मिळत नाही.