वेदनेचे शब्द आणि वेदनेचे निदान

ताप तापमापकाने कळतो, रक्तदाब उपकरणाने मोजता येतो. वेदनेचे मात्र तसे नाही. एखाद्यास कोणत्या प्रकारची वेदना होत आहे आणि ती किती आहे, हे सांगणारी रक्ताची तपासणी वा क्ष-किरणांचे छायाचित्र वैद्यकाच्या हाती अद्याप आलेले नाही. मणक्यांची झीज छायाचित्रात स्पष्ट दिसत असूनही कित्येकांना कसलाच त्रास नसतो. उलटपक्षी छायाचित्र निर्दोष असता रुग्ण रात्रभर तळमळत असतो. म्हणून वेदनातज्ज्ञाचे निदान रुग्णाच्या बोलण्यापासून सुरू होते. कोठे दुखते, केव्हापासून, कशाने वाढते, कशाने थांबते, हे तो विचारतोच. परंतु 'कसे दुखते' हा प्रश्न सर्वांत अवघड असून तो वस्तुतः भाषेचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी केला. पॅट्रिक वॉल यांच्यासह १९६५ मध्ये मांडलेल्या 'द्वार-नियंत्रण' उपपत्तीमुळे त्यांचे नाव सर्वश्रुत आहे. मज्जारज्जूत वेदनेचे संदेश जसेच्या तसे पुढे जात नाहीत, तेथे त्यांस वाट मिळते अथवा अडविली जाते, असे ती उपपत्ती सांगते. तिच्याइतकेच महत्त्वाचे त्यांचे दुसरे काम शब्दांचे आहे. वॉरन टॉर्गरसन यांच्या सहकार्याने त्यांनी १९७१ मध्ये इंग्रजीतील १०२ वेदनावाचक शब्दांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, आणि १९७५ मध्ये त्यातून ७८ शब्दांची, वीस गटांत विभागलेली प्रश्नावली सिद्ध झाली. काही गट संवेदनेचे, काही भावनेचे, तर एक समग्र मूल्यमापनाचा. प्रत्येक गटात शब्द तीव्रतेच्या चढत्या क्रमाने मांडलेले असतात. निरनिराळ्या व्याधींचे रुग्ण निरनिराळे शब्द निवडतात, हे पुढे दिसून आले. म्हणजे शब्द हा केवळ विलापाचा उद्गार नसून निदानाचा पुरावाही ठरतो.

मराठीत हा पुरावा विपुल आहे, परंतु तो इंग्रजी शब्दांच्या चौकटीत बसत नाही. 'दुखणे' हे क्रियापद सर्वसाधारण आहे. इतके, की त्याचेच नाम कोणत्याही आजारास लागते व 'दुखणेकरी' म्हणजे केवळ वेदनाग्रस्त नव्हे. खरे वर्णन पुढील शब्दांत असते. दाताचा वा गळवाचा 'ठणका' नाडीच्या ठोक्याबरोबर चालतो आणि बहुधा दाहाकडे बोट दाखवितो. 'कळ' लाटेसारखी येते व ओसरते. कमरेतून जांघेकडे उतरणारी, रुग्णास एका जागी बसू न देणारी कळ मूतखड्याची शंका उत्पन्न करते. हाच शब्द अनेकवचनात 'कळा' झाला की बहुधा प्रसूतीचा अर्थ घेतो. 'सलणे' हे आत रुतून राहिलेल्या वस्तूचे, 'चुरचुरणे' हे त्वचेवरील जखमेचे आणि 'चमक' ही क्षणात येऊन जाणाऱ्या वेदनेची.

नामाइतकेच, किंबहुना अधिक, त्याच्याबरोबर येणारे क्रियापद बोलके असते. कळ येते, चमक मारते, उसण भरते, रग लागते, शूळ उठतो. 'येणे' अधूनमधून होणारे, 'मारणे' क्षणिक व तीक्ष्ण, 'भरणे' एकाएकी जडून राहणारे. वेदनेचा काळ कसा जातो, हे ही क्रियापदे सांगतात, आणि वैद्यास काळाचीच माहिती प्रथम हवी असते. वेदनेच्या व्याकरणावर मायकेल हॅलिडे यांनी १९९८ मध्ये इंग्रजीच्या आधारे लेख लिहिला. मराठीतील 'मला', 'माझा', 'पोटात' या तीन रचनांचा तशा दृष्टीने अभ्यास झाल्यास तो केवळ व्याकरणाच्या उपयोगाचा राहणार नाही.

भाषांतरित प्रश्नावलीच्या अडचणी येथेच उद्भवतात. मज्जातंतूंच्या इजेतून होणारी वेदना ओळखण्यासाठी फ्रेंच तज्ज्ञांनी २००५ मध्ये दहा मुद्द्यांची प्रश्नावली तयार केली. चार वा अधिक मुद्दे जुळल्यास अशी वेदना संभवते असे मानतात. तिच्यात झिणझिण्या आणि टाचण्या टोचल्यासारखे वाटणे हे दोन स्वतंत्र मुद्दे आहेत. मराठी रुग्ण दोहोंस 'मुंग्या येतात' इतकेच म्हणून मोकळा झाला, तर एकाच अनुभवाला दोन गुण मिळतात, किंवा एक गुण गळतो. तसेच 'जळजळ' म्हटले की रुग्णाचे मन प्रथम छातीतील आम्लपित्ताकडे वळते. मधुमेही रुग्ण पायांबद्दल बोलताना 'तळपायाची आग होते' असेच म्हणतो. (क्रोधाविषयीचा वाक्प्रचार याच शब्दांनी सुरू होतो, हा योगायोग निराळा.)

शब्दाची चूक किती महाग पडू शकते याचे उदाहरण हृदयविकाराचे. छातीवर दडपण आले आहे, आवळल्यासारखे, भरल्यासारखे होते आहे, असे सांगणारा रुग्ण 'छातीत दुखते का?' या प्रश्नास प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. त्याच्या लेखी ते दुखणे नव्हेच. प्रश्नाचे उत्तर बरोबर, निदान मात्र चुकीचे, आणि उपचाराचा अमूल्य काळ निघून जातो. अनुभवी वैद्य म्हणून 'दुखते का' एवढ्यावर न थांबता 'छातीत काय होते?' असे विचारतो, आणि रुग्णाची मूठ छातीवर आवळली जाते का, याकडेही पाहतो.

शब्दावरून उपचाराची दिशा बदलते. दाहाच्या ठणक्यास आयबुप्रोफेनसारखी औषधे लागू पडतात. तळपायाच्या आगीस त्यांचा फारसा उपयोग होत नाही, तेथे मूळची विषण्णतेवरील ॲमिट्रिप्टिलीन किंवा अपस्मारावरील गॅबापेंटिन द्यावी लागते. दीर्घकाळच्या कंबरदुखीत औषधापेक्षा व्यायाम व मानसोपचार यांना अधिक स्थान असते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेस मॉर्फीन. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर त्याचा वैद्यकीय वापर भारतात अतिशय घटला आणि २०१४ च्या दुरुस्तीने परवान्याची वाट सुलभ करावी लागली.

उपचारानंतर तज्ज्ञ शून्य ते दहा अशा अंकांत तीव्रता विचारतो. जुन्या पिढीतील रुग्ण 'बारा आणे बरे आहे' असे उत्तर देतो. व्यवहारातून आणे गेले, मोजपट्टी टिकली. मात्र ती वेदना मोजीत नाही, आराम मोजते. या दोन राशी भिन्न आहेत, आणि बारा आण्यांचे रूपांतर दहापैकी अडीच असे करून टाकणे हे शास्त्र नव्हे.

ज्यांना शब्दच नाहीत त्यांचे काय? नवजात अर्भकास वेदना जाणवत नाही, या समजुतीने गेल्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी अर्भकांवर पुरेशा भुलीविना शस्त्रक्रिया होत. कन्वलजीत आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, वेदनाशामकासह भूल दिलेल्या अकाली जन्मलेल्या अर्भकांच्या शरीरातील ताणाचे रासायनिक बदल स्पष्टपणे कमी आढळले. त्यानंतर ही प्रथा मागे पडू लागली. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारताना, शाब्दिक वर्णन हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी केवळ एक होय, असे टिपणीत नमूद केले आहे. अर्भकाच्या बाबतीत आता भुवयांची आठी, मिटलेले डोळे, ताणलेले ओठ यांना गुण देऊन वेदना मोजतात.