खोलून पाहू या : कुलपाच्या पोटातले सहा पत्रे

धारगळ, पेडणे, इब्रामपूर या पट्ट्यात वर्षाचे बरेचसे महिने कुलूपबंद असणारी घरं काही कमी नाहीत. घरची माणसं मुंबईला. चवथीला येतात, शिगम्याला जमलं तर येतात. आणि नेमकी चवथीच्या आदल्या दिवशी, सामान ओसरीवर उतरवून झाल्यावर, किल्ली फिरत नाही. मग शेजारचे काका दगड हातात देतात. दोन ठोके घातले की बरेचदा कुलूप उघडतंही. यात जादू नाही, पण हे कळायला कुलूप फोडून नव्हे, खोलून पाहायला हवं.

आम्ही घेतलं ते धारगळातल्याच एका घराचं जुनं पितळी कुलूप. किल्ली शाबूत, तरी अडून बसलेलं. याला स्क्रू नसतात. मागचा पत्रा रिबिटांनी ठोकलेला असतो. रिबिटांची डोकी कानशीनं घासून सपाट करायची, मग बारीक पंचनं ती आत ढकलायची. खाली फडकं अंथरायला विसरू नका, कारण झाकण निघालं की आतल्या स्प्रिंगा कुठे उडतील याचा नेम नाही.

आत एका खिळ्यावर सहा पातळ पितळी पत्रे एकावर एक बसवलेले दिसले. हेच लिव्हर. प्रत्येकाला आपापली स्प्रिंग, ती त्याला खाली दाबून धरते. प्रत्येकाच्या मध्ये एक खाच. बाजूला बोल्ट, म्हणजे वरच्या कडीला अडकवून ठेवणारा जाड तुकडा, आणि त्या बोल्टला एक खुंटी. सहाही खाचा एका ओळीत आल्या तरच खुंटी त्यांतून सरकते, बोल्ट मागे जातो, कडी सुटते.

किल्लीचे दात नेमकं हेच करतात. एकेक दात एकेका पत्र्याला ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतो. कमी उचलला तर खुंटी अडते हे लगेच पटतं. पण जास्त उचलला तरी अडते, आणि सगळी हुशारी इथेच आहे. 1778 साली रॉबर्ट बॅरन या इंग्रजानं पेटंट घेतलं ते याच दुहेरी अडवणुकीचं. त्याआधीच्या कुलपांत आतली कळ नुसती पुरेशी वर ढकलली की काम भागायचं. बॅरननंतर चब नावाच्या इंग्रज कुलूपकारानं 1818 मध्ये आणखी एक सोय केली : कुणी चुकीच्या हत्यारानं पत्रा जास्त उचलला तर तो वरच अडकायचा आणि मालकाला घुसखोरी कळायची. तरी 1851 च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकी कुलूपकारानं चबचं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवलं. आपल्याकडे अर्देशिर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तोवर या विद्येला शंभरावर वर्षं झाली होती.

पत्र्यांची संख्या का मोजतात, तेही पाहा. एका पत्र्याला पाच वेगळ्या उंचीच्या खाचा शक्य धरल्या तर तीन पत्र्यांत 125 प्रकारच्या किल्ल्या होतात, सहा पत्र्यांत 15,625. हे कागदावरचं गणित. आमच्या कुलपात सहांपैकी दोन पत्रे हुबेहूब एकाच मापाचे निघाले, ते शेजारीशेजारीच बसवलेले. बनवणाऱ्यानं मेहनत वाचवली असावी!

आता दगडाकडे येऊ. आमच्या कुलपातला चौथा पत्रा वरच चिकटला होता. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याची स्प्रिंग गंजली होती आणि वर्षानुवर्षं ओतलेल्या खोबरेलात धूळ मिसळून काळा राप धरला होता. किल्लीनं बाकीचे पाच बरोबर उचलले. हा आधीच वर, म्हणून खुंटी अडायची. ठोका बसला की तो हादऱ्यानं खाली पडतो आणि पुढच्या वेळी किल्ली त्याला योग्य जागी नेते. उपाय तेवढ्यापुरता, कारण राप तिथेच राहतो.

त्यात खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजायला लागतं, म्हणजे माघातल्या पहाटे कुलपाच्या पोटात तूपच! त्यापेक्षा थोडं रॉकेल सोडून, किल्ली पुन्हापुन्हा घालून मळ धुवावा, कुलूप उलटं टांगून पूर्ण वाळू द्यावं, मग मऊ पेन्सिलीच्या शिशाची भुकटी किल्लीला लावून दोनचारदा फिरवावी. भुकटीला धूळ तेलाइतकी चिकटत नाही. स्प्रिंगच तुटली असेल तर मात्र नवं कुलूप आणणंच स्वस्त पडतं.

पुढच्या आठवड्यात किल्लीच नसलेलं कुलूप : मोपा विमानतळावर बॅगांना लटकलेलं दिसतं ते, तीन आकड्यांचं.