एझ्रिन आणि अस्थिकर्करोगाचा प्रसार

कुमारवयात बहुधा गुडघ्यानजीकच्या वाढत्या अस्थीत उद्भवणाऱ्या ऑस्टिओसार्कोमाचे खरे भय मूळ गाठीपेक्षा तिच्या फुफ्फुसांकडे होणाऱ्या प्रसाराचे असते. म्हणूनच पेशीच्या आवरणास आतील ॲक्टिनच्या तंतुजालाशी जोडणाऱ्या एझ्रिन या प्रथिनाचे आधिक्य आणि रोगाची प्रतिकूल गती यांचा संबंध २००४ साली उंदीर, श्वान व बालरुग्ण या तिघांच्याही अभ्यासातून निदर्शनास आला, ही घटना मला विशेष मोलाची वाटते. श्वानांनाही हा रोग जवळजवळ याच रूपात जडतो.

रुग्णालयाच्या दफ्तरी मात्र नोंद होते ती प्रामुख्याने रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज व लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या विकरांची, ज्यांची निदानसमयीची वाढलेली पातळी अशुभसूचक मानली जाते. तथापि पहिल्याचे प्रमाण वाढत्या वयात स्वभावतःच अधिक असल्याने तो आकडा वयाच्या हिशेबानेच वाचावा लागतो.