थांबवलेला कर्नल

१९ जुलै २०२४. शुक्रवार, बहरीनमध्ये सुट्टीचा दिवस. तिथल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ७ वाजून ९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक कंपनीची एक छोटी फाइल जगभरच्या विंडोज यंत्रांवर उतरू लागली. तिच्यातला नियम एकविसावं मूल्य तपासायला सांगत होता. कोडने वीसच पुरवली होती. एकविसावं शोधताना हद्दीबाहेरची मेमरी वाचली गेली आणि, हा कोड कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत चालत असल्यामुळे, अख्खी यंत्रंच निळा पडदा दाखवून आडवी झाली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली; पण पडलेल्या कित्येक यंत्रांपाशी माणसाला स्वतः जाऊन ती पुसावी लागली.

साधा प्रोग्रॅम कोसळला तर कर्नल त्याला आवरतो. कर्नलच कोसळला तर त्याला आवरणारं कोणी उरत नाही. मग त्याची चूक बघायची कशी? लिनक्सपुरतं या प्रश्नाचं एक उत्तर पुण्यातल्या हातांनी बरीच वर्षं सांभाळलं. मराठी वाचकापर्यंत ते पोचलेलं नाही, याची मला खंत वाटते.

त्या उत्तराचं नाव केजीडीबी. डेव्हिड ग्रोथी आणि टिग्रान ऐवाझ्यान यांनी त्याचा पाया घातला. पुढे अमित काळे यांनी आणि पुण्याच्या लिनसिससॉफ्ट कंपनीने ते वाढवलं. मांडणी दोन यंत्रांची. एकावर तपासायचा कर्नल, दुसऱ्यावर जीडीबी हा डीबगर, मध्ये सीरियल केबल. हव्या त्या जागी सूचनेचा पहिला बाइट काढून तिथे सापळ्याचा बाइट ठेवायचा. प्रोसेसर तिथे आला की अडकतो. मग बाकीचे प्रोसेसरही थोपवले जातात, इंटरप्ट बंद होतात, आणि थिजलेला कर्नल सीरियल पोर्टकडे पुन्हा पुन्हा पाहत पुढच्या हुकमाची वाट बघतो. आता चलांची (व्हेरिएबल्सची) मूल्यं विचारा, फंक्शनांची साखळी उलगडा, एकेक ओळ पुढे सरका. कर्नल जो पत्ता वाचताना अडखळला तो शून्याच्या अगदी जवळचा, समजा २४, निघाला तर जाणकार लगेच ओळखतो: रिकाम्या पॉइंटरपासून २४ बाइट पुढचं काहीतरी वाचायला कोणीतरी गेलं.

लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांचा अशा डीबगरला वर्षानुवर्षं विरोध होता. कोड नीट समजून घेण्याऐवजी लोक लक्षणावर मलमपट्टी करतील, ही त्यांची भीती. ती मला खरी वाटते. पण कर्नलच्या आत डोकावण्याची सोय नाकारणं हा त्यावरचा इलाज नव्हता. अखेर २००८ मध्ये, २.६.२६ या आवृत्तीत, विंड रिव्हरच्या जेसन वेसल यांच्या पुढाकाराने केजीडीबी मुख्य कर्नलमध्ये आलं.

पण केजीडीबीसाठी यंत्र थांबवावं लागतं. ॲमेझॉनने २०१९ मध्ये बहरीनमध्ये तीन विभागांचं क्लाउड केंद्र सुरू केलं. अशा ठिकाणी चालतं यंत्र थांबवून बघता येत नाही. त्याच्यावर लोकांचे व्यवहार चालू असतात. तिथे केडंप कामी येतं. विवेक गोयल, एरिक बीडरमन आणि हरिप्रसाद नेल्लीतीर्थ यांनी २००५ मध्ये ते मांडलं. थोडी मेमरी आधीच राखून ठेवायची. पॅनिक झालं, म्हणजे कर्नल कोसळला, की त्या राखीव जागेतला दुसरा कर्नल उठतो आणि मेलेल्या कर्नलची मेमरी डिस्कवर उतरवून घेतो. पुढचं शवविच्छेदन हजारो किलोमीटरवर बसूनही करता येतं.

चूक सापडली की तिची दुरुस्ती पुष्कळदा एका ओळीची असते: एक विसरलेली तपासणी. लिनक्समध्ये त्या दुरुस्तीसोबत चूक मुळात कुठल्या बदलातून आली त्याचा बारा अक्षरांचा ठसा आणि ती कळवणाऱ्याचं नाव लिहायची रीत आहे. मला ही रीत फार मोलाची वाटते.

संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी लिनक्स कर्नलमधली ‘डीबग_कोर.सी’ ही फाइल एकदा तरी उघडावी. तिच्या माथ्यावरच्या नोंदींत अमित एस. काळे आणि लिनसिससॉफ्ट ही दोन्ही नावं आहेत.